अल क्वोजमधला वाकडा पब

दुबईत आमच्या अल बर्शाच्या घरी वर्कशॉपमधलं जुनं कुणी जेवायला आलं की आमचा मुलगा ताट उचलून आतल्या खोलीत जातो. "मम्मी, नॉट द पब अगेन," म्हणतो. जाऊ दे. लाकडाच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्या माणसाच्या अंगावरचा भुसा कधी संपत नाही. आंघोळ करा, कपडे झटका, तरी डब्याच्या झाकणात सापडतो, कानात सापडतो, गावी गेलं तर बॅगेच्या चेनमध्ये सापडतो. किश्शांचंही तसंच. एक झटकायला जावं तर चार खाली पडतात.

मी चौथी शिकलेली. लिहायची सवय नाही. पण मंडळाच्या अंकवाल्या बाई म्हणाल्या, तुम्ही बोलता तसंच लिहा. म्हणून लिहिते. कुणाला लागलं तर लागू दे.

आधी माणसं सांगते. अल क्वोजला आमचं वर्कशॉप. हॉटेलांची दारं, काउंटर, कपाटं तिथे बनायची आणि ट्रकमधून जायची. आमचे हे तिथे फोरमन. मी शिवणखोलीत, गाद्या, कव्हरं, पडदे माझ्याकडे. सगळ्या शेडमध्ये मी एकटी बाई. त्यामुळे सगळे मला वहिनी म्हणायचे आणि जरा लांबूनच म्हणायचे. मालकांना आम्ही अरबाब म्हणायचो. दुबईचेच, वयस्कर. हिंदी आमच्यापेक्षा चांगलं.

आणि इब्राहिमचाचा. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. वर्कशॉपचे मोठे मेस्त्री. ह्यांना रंधा धरायला त्यांनीच शिकवलं. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल आणि खिशात एक छोटी लेव्हल. काचेच्या नळीत बुडबुडा असतो ना, ती. बुडबुडा मधोमध आला की चाचा खूश. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी टेबलावर लेव्हल ठेवायचे. आमच्याकडे ठेवली तेव्हा काही बोलले नाहीत. जेवले, हात धुतले, आणि टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून मगच गेले.

अशा माणसाच्या हातात वाकडा पब आला.

* * *

एका मोठ्या हॉटेलला आपल्या तळमजल्यावर इंग्लंडमधला जुना पब हवा होता. पबसारखं काहीतरी नव्हे. एक ठरलेला पब, जसाच्या तसा. 'हेरिंग अँड लँटर्न' त्याचं नाव, म्हणजे मासा आणि कंदील. तिकडे समुद्राकाठच्या एका गावात दोन-तीनशे वर्षं उभा होता, नुकताच पाडला होता. पाडण्याआधी त्याची मापं आणि फोटो घेऊन जो माणूस आला तो पीटरसाहेब. डिझायनर. त्याच्या आईचे वडील तो पब चालवायचे, आई त्याच्याच माडीवर जन्मलेली. म्हणजे हॉटेलला हवी होती सजावट, आणि ह्याला हवं होतं आजोळ.

ड्रॉइंग टेबलावर पसरलं. छताच्या तुळया मधोमध वाकलेल्या. जमीन एका कोपऱ्याकडे उतरलेली. खिडक्या दोन, दोन्ही तिरक्या, त्यातही एक लहान एक मोठी. चाचांनी चष्मा पुसला, परत बघितलं आणि ह्यांना म्हणाले, "ह्या घर पडायला आलाय. साहेबाला सांग, काळजी करू नको."

आणि खरंच त्यांनी साहेबाला काळजी राहू दिली नाही. एक भिंत, चार तुळया आणि अख्खं काउंटर त्यांनी शेडमध्ये उभं केलं. सगळं काटकोनात. साहेब बघायला आला तेव्हा चाचांनी स्वतः काउंटरवर लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध, हलेना. चाचा दाद घ्यायला एक पाऊल मागे सरकून उभे राहिले.

साहेबाने बुडबुड्याकडे बघितलं, फळ्यांच्या ढिगावर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

चाचा हळूच माझ्याकडे वाकले. "वहिनी, त्याचा कोण गेला काय?"

* * *

हसायला ठीक आहे, पण त्या दिवशी अरबाबनी ह्यांना केबिनमध्ये बोलावलं. चाचांचा व्हिसा संपत आला होता. साठी जवळ आलेली. ह्या वयात पुन्हा स्टँप मारून घ्यायचा तर मालकाला दहा ठिकाणी बोलावं लागतं. अरबाब म्हणाले, ह्या गोऱ्याने पब पास करून सही केली, तर मी म्हाताऱ्यासाठी स्वतः जाऊन बोलेन. नाही केली, तर खलास. कॅन्सल करून घरी पाठवू.

चाचांना हे सांगायचं काम माझ्यावर आलं. हे असल्या वेळी बरोबर शेडच्या दुसऱ्या टोकाला असतात.

मला वाटलं, म्हणतील, बरं झालं, जातो घरी. चाची वारून वर्षं झाली होती. मुलगे मुंब्र्याला, फ्लॅट घेतलेला, नातवंडं. पण चाचा बराच वेळ रंध्याच्या तोंडातला भुसा काढत बसले. मग म्हणाले, "तिकडे जाऊन मी ठोकू काय? पोरांनी घरभर फॉर्मायका लावलाय."

दुसऱ्या दिवसापासून ते वाकडं करायला लागले. तेही कसं? आधी सगळं लेव्हलला सरळ करायचे. बुडबुडा मधोमध आणायचे, त्याच्याकडे एकदा बघून घ्यायचे. आणि मग ड्रॉइंगमध्ये होतं तेवढंच, बरोब्बर तेवढंच, खाली उतरवायचे. ह्यांनी विचारलं, चाचा, थेट वाकडंच का लावत नाही? तर म्हणाले, "सरळ कुठे होता ते ठाऊक नको?"

* * *

पुढची भानगड जुनं करण्याची. लाकूड नवं, कोरं. साहेबाला ते तीनशे वर्षं वापरलेलं हवं. दाराच्या उंबऱ्याला मधे खड्डा हवा, लोकांच्या पायांनी झिजल्यासारखा. तो चाचांनी केला, कारण झिजलेला उंबरा त्यांना मान्य होता. गावच्या घराला होता तसाच. पण काउंटरसाठी साहेबाने एक लोखंडी साखळी आणली आणि सांगितलं, ह्याने लाकडाला मारा. जोरात. खुणा पडल्या पाहिजेत.

स्वतः रंधलेल्या, पॉलिश पेपर मारलेल्या काउंटरला साखळीने मारायचं! चाचांनी साखळी हातात घेतली, वजन बघितलं, खाली ठेवली आणि नमाजाआधीचे हातपाय धुवायला, वुजूला निघून गेले. बाकीचे सुतार त्यांचेच चेले. त्यांनी हळूहळू मारलं, जसं सासूसमोर मुलाला मारतात तसं. एक ओरखडा उठेना.

त्याच सकाळी मला कळलं होतं की ह्यांनी मला न विचारता आपल्या पुतण्याला आमच्या एका खोलीच्या घरात राहायला बोलावलंय. वर मला सांगितलं होतं, "ॲडजस्ट करू."

मी म्हटलं, आणा इकडे ती साखळी.

मी किती वेळ मारत होते मला माहीत नाही. थांबले तेव्हा शेडमधल्या सगळ्या मशिनी बंद होत्या. साहेब काउंटरवरून हात फिरवत होता, ब्यूटिफुल, ब्यूटिफुल करत होता. एका टोकाला तर चांगला अंगठा बसेल एवढा खळगा पडला होता. त्याने ह्यांना विचारलं, ही लेडी कुठे शिकली हे काम?

हे म्हणाले, "सर, टुडे ओन्ली."

पुतण्या शारजाला राहिला.

* * *

ऑगस्टमध्ये शेकोटीची भिंत आली. म्हणजे इंग्लंडात भिंतीतच चूल करतात शेकायला. त्या पबची एवढी मोठी, की आत बाजूला दोन बाक टाकलेले. बाहेर उन्हात गाडीच्या दाराला हात लागला तर फोड येतोय, शेडचे पंखे गरम वारा फेकताहेत, आणि आमची माणसं घाम पुसत शेकोटी जोडताहेत. कुणीतरी विचारलंच, की दुबईत हिच्यापाशी बसणार कोण? साहेब म्हणाला, काळजी नको, एसी इतका ठेवू की लोकांना शेकावंसं वाटेल.

अरबाब त्या दिवशी बघायला आले होते. पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्याला भुसा लागू नये म्हणून एका हाताने सावरत ते पबमध्ये शिरले. बुटकं छत. बारीक खिडक्या. धुराने काळं पडल्यासारखं दिसावं म्हणून तुळयांना दिलेला काळपट हात. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने थांबावं अशी वाट. ते सगळीकडे फिरले आणि शेकोटीतल्या बाकावर जाऊन बसले. साहेब वाट बघत होता काय बोलतात त्याची.

अरबाब ह्यांना हिंदीत म्हणाले, "माझ्या बापाचं घर असंच होतं. काळोख, धूर, डोकं आपटायचं. आम्ही पहिले पैसे आले तसं ते पाडलं."

मग उठताना म्हणाले, "मला तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर ह्याला विकलं असतं."

* * *

आता माझ्या खोलीचं.

साहेबाने आम्हाला पब समजावून सांगितला होता. मला वाटायचं, गुत्ता म्हणजे एक खोली आणि बाकडी. पण नाही. त्याच्यातही वाटण्या. एक बाजू कामकरी माणसांची. नुसत्या फळ्या, गादी नाही. दुसरी बाजू जरा शर्टवाल्यांची. तिथे कार्पेट आणि मी शिवलेल्या लाल गाद्या. आणि कोपऱ्यात एक एवढीशी खोली, तिला स्नग म्हणायचे. तिला वेगळं दार. ती बायकांसाठी. काउंटरच्या बाजूने तिला एक छोटी खिडकी, तिच्यात धुरकट काचेच्या फिरत्या झडपा. बाईने झडप फिरवून मागायचं, ग्लास आत घ्यायचा, झडप लावायची. देणाऱ्याला हात दिसतो, तोंड दिसत नाही.

मी साहेबाला म्हटलं, म्हणजे तुमच्याकडेही बाईने कुठे बसावं हा प्रश्न होताच. हे भाषांतर करेनात. मी म्हटलं, करा. त्यांनी केलं. साहेब लाल झाला आणि येस म्हणाला.

माझी गोष्ट अशी की शेडमध्ये मला जेवायला जागा नव्हती. पुरुष सगळे बाहेर सावलीत ओळीने बसायचे. मी शिवणखोलीत, गोंदाच्या डब्यांच्या वासात. ट्रकमध्ये भरण्याआधी सगळा पब एकदा शेडमध्ये जोडून बघायचा होता. स्नग उभी राहिली त्या दिवशी मी माझा डबा घेतला, आत गेले, दार लावलं आणि जेवले. काय सुंदर दार केलं होतं चाचांनी! बोटाने ढकललं की उघडायचं, सोडलं की आपलं आपण मिटायचं, आवाज नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी बघत नसताना मी माशाचे काटे काढले.

जेवण झाल्यावर मी झडप फिरवली, हात बाहेर काढला आणि हाक मारली, "कोया, चाय."

कोया हा शेजारच्या कॅफेटेरियातला मल्याळी चहावाला. त्याने इकडेतिकडे बघितलं, कुणी दिसेना. पण ग्लास आणून हातात दिला. मग रोजचंच झालं. महिनाभर ती माझी खोली होती. चाचांनी सगळ्यांना बजावलं, आत वहिनी आहे, दारावर टकटक केल्याशिवाय जायचं नाही. एकदा पीटरसाहेबाला आतलं काहीतरी मोजायचं होतं. तो बाहेर टेप घेऊन उभा. मी ताक प्यायले, डबा धुतला, मग दार उघडलं.

कोया अजून भेटला की विचारतो, "भाभी, सिर्फ हाथ दिखाओ, पहचानता हूं कि नहीं."

* * *

बाटल्यांच्या फळ्यांचा किस्सा सांगितला की आमचे हे उठून गॅलरीत जातात. तरी सांगते.

काम हातात घेतानाच चाचांनी अरबाबना एक सांगून ठेवलं होतं. भिंती करीन, छत करीन, बाक करीन, पण बाटल्या ज्या फळ्यांवर उभ्या राहणार त्यांना माझा हात लागायचा नाही. अरबाब म्हणाले, हबीबी, मीसुद्धा तिकडे बघणार नाही. चाचांचे चेले म्हणाले, मग आम्हीही नाही. त्यामुळे फळ्यांचं काम आलं फोरमनवर. म्हणजे ह्यांच्यावर. फोरमन होऊन ह्यांना बरीच वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत ह्यांच्या हातात करवत कमी आणि मोबाइल जास्त.

दोन दिवस खटपट केली. तिसऱ्या दिवशी बघते तर एक फळी पूर्वेला, एक पश्चिमेला. वरची फळी तर मधे अशी पोटात गेलेली, की बाटल्या गप्पा मारायला एकत्र येतील. हे घामाघूम. म्हणाले, साहेब दुपारी येतोय, आता काय करू.

साहेब आला. बाकीच्या पबात त्याने वाकडेपणा ड्रॉइंगशी ताडून बघितला होता, इथे एक खूण, तिथे एक खूण. ह्या फळ्यांसमोर आला आणि ड्रॉइंग खाली केलं. "परफेक्ट," म्हणाला. "हू डिड धिस? अगदी जुन्या हाताचं काम."

इब्राहिमचाचांनी ते ऐकलं. जन्मभर सरळ काम केलेला माणूस दोन महिने जिवाचं रान करून वाकडं शिकतोय, आणि शाबासकी कुणाला, तर ज्याला सरळ येतच नाही त्याला!

दोन दिवस ते ह्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिताना एवढंच म्हणाले, "मीच शिकवलंय त्याला."

* * *

पाटी रंगवायला मालवणकडचा एक पेंटर होता. बाहेर टांगायच्या पाटीवर हेरिंग मासा आणि कंदील काढायचा. कंदील त्याने झकास काढला. हेरिंग कुणी बघितलेला? साहेबाने दिलेला फोटो काळा-पांढरा. पेंटरने मला विचारलं, मी म्हटलं, दिसतोय तर आपल्या पेडव्यासारखा, पण पाटीवर एवढासा पेडवा काय शोभणार. त्यानेही तोच विचार केला असणार. त्याने बांगडा काढला. पाठीवर पट्टे, डोळा ताजा, असा की बघून तोंडाला पाणी सुटावं.

साहेब म्हणाला, हेरिंगला पट्टे नसतात. पेंटर म्हणाला, साहेब, पट्ट्याशिवाय लोकांना मासा वाटणार नाही, पिशवी वाटेल. साहेबाने पुसायला लावले. पेंटरने पुसले. पण पाटी टांगल्यावर उन्हात नीट बघा, खालून पट्टे दिसतात.

* * *

आणि शेवटी दार.

सगळा पब हॉटेलात नेऊन बसवला. बाटल्या अजून यायच्या होत्या. माझ्या गाद्या आणि पडदे तेवढे राहिले होते. साहेबाने सगळं पास केलं, एक सोडून. स्नगचं दार. माझ्या खोलीचं.

तिकडच्या पबात ते दार समुद्राच्या दमट हवेने फुगायचं. ढकलून उघडायचं नाही. खालच्या कोपऱ्यात लाथ मारावी लागायची. साहेबाची आई लहानपणी दोन्ही हातांत ट्रे घेऊन यायची, आधी कोपराने ढकलून बघायची, मग लाथ घालायची. रोज. ही गोष्ट साहेबाने आम्हाला इतक्यांदा सांगितली होती की शेडमधल्या बंगाली हेल्परलाही पाठ. साहेबाचं म्हणणं, दार तसंच अडकलं पाहिजे. आई ऐंशीची आहे, विमानाने येतेय. ती आत फिरेल. ती म्हणाली हाच तो पब, की मी सही करतो.

चाचा म्हणाले, "मना ह्या जमायचा नाय."

तुळया वाकवल्या होत्या. जमीन उतरवली होती. काउंटरला साखळीने मारलेलं बघितलं होतं. पण अडकणारं दार म्हटल्यावर माणूस अडून बसला. दार अडकलं तर लोक सुताराला शिव्या देतात, म्हणाले. इंग्लंडातला सुतार मेला, त्याला ऐकू येत नाही. मी इथे आहे.

एक दिवस गेला, दोन गेले. अरबाबनी ह्यांना निरोप धाडला, म्हाताऱ्याला सांगा, व्हिसाचं मी आता बोलणार नाही. मग मी गेले आणि झाडलं त्यांना. म्हटलं, चाचा, एवढंसं दार, त्यापायी मुंब्र्याला फॉर्मायकाकडे बघत बसणार? आणि आम्ही काय करायचं इथे? ह्यांना ओरडणारं दुसरं कोण आहे, माझ्याशिवाय?

 संध्याकाळी चाचांनी दाराच्या कडेला खाली लाकडाची पातळ पट्टी चिकटवली. दार अडकलं. साहेबाने लाथ मारून बघितली, धाडकन उघडलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. आई दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही हातांत गाद्या घेऊन स्नगपाशी गेले. लाथ मारायची म्हणून पाय उचलला, तेवढ्यात गादीचा कोपरा दाराला लागला. दार उघडलं. बोटाने ढकलल्यासारखं. आवाज नाही. मी गाद्यांसकट आत.

चाचा गुडघ्यांवर बसून भुसा गोळा करत होते. बाजूला रंधा. पट्टी साफ रंधून काढलेली.

"काय केलंत हे?" मी म्हटलं.

"झोप नाय लागली, वहिनी." त्यांनी दाराला बोट लावलं. दार गेलं आणि आलं. "हॉटेलात बसवल्यावर एकदा नीट चालताना बघायचा होता. नवी पट्टी कापून आणलीय. म्हातारी दुपारी येईल. तोवर परत अडकवतो."

एवढ्यात बाहेर आवाज. पीटरसाहेब, अरबाब, हे, हॉटेलचा मॅनेजर, आणि काठीची टकटक. म्हातारीला दुपारपर्यंत धीर धरवला नव्हता. नाश्ता करून सरळ खाली आली होती.

मी गाद्या टाकल्या आणि बाहेर पडून काउंटरच्या मागे जाऊन उभी राहिले. चाचा आतच. आता निघाले तर सगळ्यांच्या समोरून, हातात रंधा घेऊन निघणार.

म्हातारी एवढीशी, आमच्या शिवणमशीनच्या उंचीची.  बुटक्या तुळईखाली आली, तिचं डोकं हातभर खाली, तरी वाकली. जमीन उतरते तिथे काठी न बघता बाजूला घेतली. काउंटरवरून हात फिरवत टोकापर्यंत आली, आणि तिचा अंगठा बरोबर त्या खळग्यात बसला. ती थांबली. साहेबाला काहीतरी म्हणाली. ह्यांनी मला हळूच सांगितलं, "म्हणतेय, इथे माझे वडील रागाने हातोडी आपटायचे."

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही.

मग ती स्नगच्या दाराकडे वळली. काठी साहेबाच्या हातात दिली. दोन्ही हात समोर धरले, ट्रे धरतात तसे. साहेब बघतोय. अरबाब बघताहेत. आणि मला माहीत होतं की ते दार मांजराने अंग घासलं तरी उघडेल. ऐंशीची बाई लाथ मारणार, दार भस्सकन जाणार आणि ती आतल्या फरशीवर तोंडावर. तिचं कंबरडं जाणार आणि चाचांचा व्हिसा.

माझ्यासमोरच ती छोटी खिडकी होती. मी एक झडप फिरवली.

आत चाचांनी रंधा खाली ठेवला होता. खांदा दाराला लावलेला, पाय बाकाच्या बुडाला रोवलेले, डोळे मिटलेले.

म्हातारीने कोपराने दार ढकललं. दार हललं नाही. तिने ओळखीचं माणूस दिसल्यासारखी मान हलवली. स्कर्ट जरा वर घेतला आणि खालच्या कोपऱ्यात लाथ घातली.

चाचा बाजूला झाले. धाडकन दार उघडलं.

साहेब भिंतीला टेकून हसत होता आणि रडत होता, आणि खिशात पेन चाचपत होता. अरबाबनी कागद आधीच काउंटरवर ठेवला होता, माझ्या खळग्याच्या शेजारी. म्हातारी आत गेली. आत इब्राहिमचाचा उभे. दाढीत भुसा, हातात आत्ताच उचललेला रंधा.

म्हातारीने दाराकडे बोट केलं, रंध्याकडे बोट केलं आणि इंग्लिशमध्ये विचारलं, म्हणजे एवढ्या वर्षांत ह्या दाराला कुणी रंधा मारलाच नाही?

चाचांना इंग्लिश येत नव्हतं, पण हे त्यांना कळलं. आमच्या टेबलालासुद्धा तोंडावर वाकडं न म्हणणारा, पण पुठ्ठा लावल्याशिवाय न जाणारा तो माणूस. त्यांनी रंधा हळूच पाठीमागे नेला.

"नाय, बाय," म्हणाले.